आजीचा फोटो भिंतीवर लागला, तिचा इतिहास कुठं लागणार?



मागच्या महिन्यात आमची आजी गेली. वस्तीतल्या विहारासमोर मांडव पडला. जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं, सुत्तपठण झालं आणि मग आदरांजलीची भाषणं सुरू झाली. एकूण चौदा भाषणं झाली. त्यातली तेरा पुरुषांची होती. तेराही जणांनी आजीबद्दल तीन वाक्यं सांगितली: त्या मायाळू होत्या, त्या कष्टाळू होत्या, त्यांनी कधी कुणाला उपाशी पाठवलं नाही. उरलेला वेळ गटाचं राजकारण, येणारी निवडणूक आणि आपण स्वतः चळवळीसाठी काय काय केलं यात गेला. मांडवाच्या तोंडाशी जो फ्लेक्स लावला होता त्यावर 'कालकथित' लिहून आजीचं नाव आजोबांच्या नावानं पूर्ण केलं होतं. खाली शोकाकुल म्हणून मुलं, पुतणे, नातू अशी अकरा पुरुषांची नावं होती. जिनं शेवटची तीन वर्षं आजीचं सगळं अंथरुणात केलं, त्या मोठ्या सुनेचं नाव त्यात नव्हतं.

सूत्रसंचालन करणाऱ्यानं जीवनपरिचय वाचायला म्हणून आम्हाला विचारलं, "आजींचं माहेरचं आडनाव काय?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आम्हा नातवंडांत एक इंजिनिअर आहे, दोन शिक्षक आहेत आणि हे लिहिणारे आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केलेलं आहे. कुणालाही माहीत नव्हतं. शेवटी आजीच्या भाच्याला फोन लावून विचारावं लागलं.

त्या क्षणी जी लाज वाटली, तिच्यातून हा लेख लिहिला जातोय. ही लाज आमच्या एकट्या घरापुरती आहे असं आम्हाला वाटत नाही. वाचणाऱ्यांनी आत्ता इथंच थांबून स्वतःला विचारावं: आपल्या आजीचं माहेरचं नाव, तिचं गाव, तिच्या आईचं नाव आपल्याला सांगता येतं का?

आम्हाला आजोबांकडचं सगळं कसं काय माहीत होतं, याचाही विचार आम्ही केला. उत्तर सोपं आहे. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, वंशावळ लागते. त्या वंशावळीत आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा, त्यांचे दाखले, त्यांच्या नोंदी असं सगळं येतं. आम्ही तीन वेळा ती वंशावळ काढली, प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. तीन पिढ्यांच्या त्या कागदावर बाईचं नाव कुठंच नाही. सरकारला आजी लागत नाही. पण सरकारला लागत नाही म्हणून आपल्यालाही लागू नये? सवर्णांच्या इतिहासात आपल्या माणसांना जागा नव्हती म्हणून आपण भांडलो. आपल्या इतिहासात आपल्याच बायांना जागा नाही, याच्याशी कोण भांडणार?

आजीची जन्मतारीख आधार कार्डावर १ जानेवारी अशी आहे. तिच्या पिढीतल्या अर्ध्या वस्तीचा जन्म १ जानेवारीचाच आहे. तिचं स्वतःचं कॅलेंडर वेगळं होतं. "बाबासाहेब गेले त्या साली मव्हं लगीन झालं," असं ती सांगायची. म्हणजे १९५६. तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची असावी. मोठा मुलगा दुष्काळाच्या आधीचा, धाकटा दुष्काळातला. दुष्काळ म्हणजे १९७२ चा. घर दोनदा बांधलं, एकदा लग्नानंतर आणि एकदा नामांतराच्या जाळपोळीनंतर. आमचा जन्म तिच्या हिशोबात "नाव मिळायच्या आधी तीन-चार सालं" असा होता. नाव म्हणजे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव, १४ जानेवारी १९९४. ज्या बाईला अक्षर येत नव्हतं तिनं अख्खं आयुष्य चळवळीच्या तारखांवर मोजलं. आणि आपण म्हणतो, आमच्या आजीला चळवळीतलं काही कळत नव्हतं.

लग्न होऊन ती सासरी आली तेव्हा घराच्या कोनाड्यात देव होते. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा झाली आणि पुढच्या काळात ती लाट आमच्या गावापर्यंत आली. वस्तीतल्या माणसांनी ठराव केला की मेलेलं जनावर ओढायचं नाही, देव घरात ठेवायचे नाहीत. ठराव पुरुषांनी केला, देव टोपलीत घालून नदीवर कुणी नेले? बायांनी. आजी सांगायची की टोपली डोक्यावर घेताना तिचे पाय लटपटत होते. पोटात पहिलं लेकरू होतं आणि देवी कोपली तर आधी लेकरू जाईल असं तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं. तरी तिनं टोपली पाण्यात सोडली. त्या रात्री झोप आली नाही. लेकरू सुखरूप झालं तेव्हा ती सासूला म्हणाली, "बघा, कोन कोपलं?"

आम्ही एम.ए. करताना एम. एन. श्रीनिवास यांची संस्कृतीकरणाची संकल्पना शिकलो. खालच्या मानलेल्या जाती वरच्या जातींच्या चालीरीती उचलतात आणि वर सरकायचा प्रयत्न करतात, अशी ती मांडणी. परीक्षेत आम्ही त्यावर सोळा मार्कांचं उत्तर लिहिलं. लिहिताना आम्हाला एकदाही सुचलं नाही की आपल्या घरात जी बाई बसली आहे तिनं याच्या अगदी उलटं केलंय. तिनं वरच्यांचे देव उचलले नाहीत. होते तेही पाण्यात सोडले आणि शिडीच नाकारली. वर्गात आमच्या आजीसाठी शब्द नव्हता, आणि आम्हीही तो मागितला नाही. शिकलेल्या माणसाचं हे अपयश आहे, ते आम्ही इथं कबूल करतो.

आता दुसरी गोष्ट. आजी गेल्यावर घर आवरताना तिची पत्र्याची पेटी निघाली. आत दोन लुगडी, बाबासाहेबांचा एक जुना फोटो, आजोबांचं रेशन कार्ड आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत दोऱ्यानं बांधलेले कागद. एका भावानं पिशवी कचऱ्यात टाकायला काढली होती. आत्यानं ती हातातून ओढून घेतली. त्यात अकरा पावत्या होत्या. दंडाच्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं खुलासेवार सांगतो. दुष्काळानंतर आमच्या आजी-आजोबांनी गावाच्या गायरानात तीन एकर बरड जमीन कसायला घेतली. दुष्काळात आजीनं सरकारी कामावर खडी फोडली होती, सुकडी खाऊन लेकरं जगवली होती. आपल्या नावावर वावर नसलं की काय होतं ते तिनं तेव्हा पाहिलं. गायरानातले दगड तिनं वेचले, त्याच दगडांचा बांध घातला, तूर आणि बाजरी पेरली. सरकारच्या लेखी हे अतिक्रमण. गाव नमुना एक-ई मध्ये त्याची नोंद होते, तलाठी दंड लावतो, पावती देतो. आजोबा त्या काळात बिगारी कामाला मुंबईत होते. सुगीच्या वेळी तलाठी यायचा तेव्हा शेतात आजी असायची. म्हणून अकरा पावत्यांपैकी चार पावत्यांवर तिचं नाव आहे. आयुष्यात सरकारनं तिच्या स्वतःच्या नावानं दिलेले हे बहुतेक पहिले कागद. तेही दंडाचे!

या कागदांची किंमत काय? राज्य सरकारच्या २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयानुसार भूमिहीन मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पूर्वीची शेतीसाठीची गायरानावरची अतिक्रमणं नियमानुकूल करायची होती. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची ती तारीख आहे. पण ताबा त्याआधीचा आहे हे सिद्ध कशानं करायचं? एक-ई च्या नोंदीनं आणि दंडाच्या पावतीनं. सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात गावाच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, पण त्याच निकालात शासनाच्या निर्णयानं भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही नोंदवला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायरानांची स्वतःहून दखल घेतली आणि गावोगावी नोटिसा निघाल्या तेव्हा किती कुटुंबांकडे दाखवायला कागद होता? आम्ही सामाजिक कार्यकर्ते म्हणून अशा वस्त्यांमध्ये फिरलोय. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळतं: "म्हातारीनं ठिवले व्हते, ती गेली, कुठं गेले माहीत न्हाई."

म्हणजे आजीची आठवण हा फक्त डोळ्यांत पाणी आणण्याचा विषय नाही. आजीची आठवण हा पुरावा आहे. चळवळीत ज्याला आपण जमिनीचा प्रश्न म्हणतो, दादासाहेब गायकवाडांनी ज्यासाठी ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह उभा केला, लाखो माणसं तुरुंगात गेली, तो प्रश्न आज आमच्या आजीच्या पेटीतल्या दोऱ्यात बांधलेला सापडला.

आता सगळ्यात अवघड भाग. चौदावं भाषण आत्याचं होतं. ती भाषणाच्या यादीत नव्हती, स्वतः उठून माईकजवळ गेली. तिनं जे सांगितलं त्यानं मांडवातले काही लोक नाराज झाले.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना मारून टाकलं. आमच्या गावातही वस्तीला आग लावली. आजी पोरांना घेऊन रात्रभर ज्वारीच्या उभ्या पिकात बसून होती. आत्या तेव्हा सातवीत होती. पुढच्याच उन्हाळ्यात आजीनं तिचं लग्न लावून दिलं. शाळा गावात होती, वाट सवर्णांच्या आळीतून जात होती, आणि वयात येणारी पोरगी घरात ठेवायची आजीला भीती वाटत होती. आत्या माईकवर म्हणाली, "घर परत बांधलं. मव्ही शाळा काही कोणी परत बांधली न्हाई. मायनं समद्यांसाठी केलं, माझ्यासाठी केलं न्हाई. तरी ती मव्ही माय व्हती." आणि खाली बसली.

भाषणानंतर एक ज्येष्ठ कार्यकर्ते आम्हाला म्हणाले, अशा प्रसंगी असं बोलू नये. आम्हाला वाटतं, त्या दिवसात आजीबद्दल खरं बोललं गेलं ते एवढंच. २० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली जी महिला परिषद भरली, हजारो बाया जिथं जमल्या, तिथं बाबासाहेबांनी सांगितलं होतं की समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, आणि मुलामुलींच्या लग्नाची घाई करू नका. आमच्या आजीनं घाई केली. का केली हेही आत्यानं सांगितलं. दंगलीचा हिशोब करताना आपण जळालेली घरं मोजतो, मेलेली माणसं मोजतो. त्या वर्षी किती पोरींच्या शाळा सुटल्या हे कुणी मोजलं? आत्या बोलली नसती तर आमच्या घरातला हा आकडा शून्यच राहिला असता.

आणखी एक गोष्ट आम्ही सांगणार आहोत. ती आजी स्वतः सांगायची म्हणून सांगतो. देव नदीत सोडले तरी शेजारच्या मातंग वस्तीतल्या घरी ती कित्येक वर्षं पाणी पीत नव्हती. देवीची भीती एका दिवसात गेली, ही सवय जायला वीस वर्षं लागली. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती पुस्तकात नसते, ती माठाजवळ असते. गायरानात आजीच्या बांधाला बांध लावून एक मातंग कुटुंब जमीन कसत होतं. एका साली गावातल्या लोकांनी दोघांच्याही पिकात जनावरं घातली. त्यानंतर त्या घरची म्हातारी आणि आमची आजी रात्री आळीपाळीनं राखणीला बसायला लागल्या. तांब्या एकच होता. "मंग काय करू, तहान लागल्यावर जात इचारू का?" असं ती हसत सांगायची. त्या म्हातारीच्या सुना-नातवंडं पुण्यानुमोदनाला आली होती. स्टेजवरून त्यांचा उल्लेख झाला नाही. आज जेव्हा आरक्षणाच्या उपवर्गीकरणावरून दोन वस्त्या एकमेकींकडे पाठ फिरवून उभ्या आहेत, तेव्हा सगळ्यात आधी आठवायला हवा होता तो हा एकच तांब्या.

काही जण म्हणतील, घरातली उणीदुणी बाहेर काढून विरोधकांच्या हाती कोलीत कशाला द्यायचं? आमचं म्हणणं असं की, ज्या आजीचा आपण देव्हारा करू ती आजी आपल्या कामाची राहत नाही. आपण देव्हारे सोडून आलेली माणसं आहोत. त्यागमूर्ती, कष्टाची मूर्ती, मायेचा सागर ही सगळी विशेषणं बाईला गप्प बसवायची जुनी ब्राह्मणी रीत आहे, फक्त निळ्या कापडावर छापलेली. चुकलेली, घाबरलेली, मग बदललेली आजी आपल्याला सांगते की माणूस बदलतो. बुद्धाच्या धम्मात याहून मोठी गोष्ट कुठली?

आणि आपल्याकडे हे काम कुणी केलंच नाही असंही नाही. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीनं १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला. बेबीताई कांबळे यांनी घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षं लिहिलं, त्यातून 'जिणं आमचं' आलं. शांताबाई कांबळे यांनी 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी गावोगाव फिरल्या, आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांना भेटल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक उभं केलं. शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांची आत्मकथनं विद्यापीठात ज्ञान म्हणून मांडली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी मराठवाड्यातल्या आपल्या आयाबायांच्या तोंडच्या आहेत. 'आम्हीही इतिहास घडवला' आलं तेव्हा लेखिकांना टेपरेकॉर्डर घेऊन एसटीनं जावं लागत असेल. आपल्या खिशात मोबाईल आहे. आमच्या मोबाईलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीचे दोनशे व्हिडिओ आहेत. आजीचा एकच आहे, चाळीस सेकंदांचा. त्यात ती म्हणते, "बंद कर ते, च्या पी आधी." ती जात्यावर म्हणायची ती एकही ओवी आमच्याकडे नाही.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना काही गोष्टी सुचवतो. भाषण म्हणून नाही, काम म्हणून.

एक, येत्या रविवारी घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईसमोर मोबाईल रेकॉर्डिंगला लावून बसा. माहेरचं नाव, आईचं नाव, लग्न कोणत्या साली, देव कधी सोडले, दुष्काळात काय खाल्लं, मोर्चात कधी गेलीस, कशाची भीती वाटली, काय करायचं राहून गेलं, एवढं विचारा. मध्ये बोलू नका. तिच्या बोलीतच लिहून काढा, शुद्ध करू नका.

दोन, पेटी, उतरंड, फडताळ तपासा. दंडाची पावती, रेशन कार्ड, रोजगार हमीचं कार्ड, जुना मोर्चाचा पास, काहीही फेकू नका. फोटो काढा, तारीख लिहा. गायरानाचा ताबा असेल तर एक-ई चा उतारा मागा आणि पावतीशी जुळवून ठेवा.

तीन, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात गेलेल्या व्यक्तीचा लिखित जीवनपरिचय वाचला जावा, आणि पहिलं भाषण घरातल्या बाईचं असावं. नेत्यांची भाषणं नंतर. वेळ उरला तर.

चार, जयंती मंडळाच्या कार्यकारिणीत बाया घ्या. भोजनदानाच्या चुलीजवळ त्या आहेतच, हिशोबाच्या वहीजवळ आणा.

आजीच्या त्या अकरा पावत्या आम्ही लॅमिनेट केल्या नाहीत. शाई उडते म्हणून जुन्या वकिलांनी सांगितलं, कागद कोरडा ठेवा, झेरॉक्स साक्षांकित करा. तसं केलंय. गायरानाची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. अर्जात वहिवाटदार म्हणून आधी फक्त आजोबांचं नाव लिहिलं होतं. आत्या आणि मोठी काकू यांनी अर्ज परत घ्यायला लावला. आता त्यात आजीचंही नाव आहे, आणि वारस म्हणून मुलांसोबत आत्याचंही. जमीन नावावर होईल की नाही ते आम्ही आज सांगू शकत नाही. लढू एवढं नक्की.

भिंतीवर बाबासाहेब आणि रमाईच्या फोटोखाली आजीचा फोटो लावलाय. फोटोखाली पाटी करायला दिली तेव्हा पेंटरनं विचारलं, "काय लिहायचं?" आम्ही आजीचं नाव, माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव लिहून दिलं. खाली एक ओळ: 'गायरान कसणारी'. पेंटर म्हणाला, "एवढंच? मायाळू, प्रेमळ वगैरे काही नको?"

नको म्हटलं. ते आम्हाला पाठ आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!